कॅनडाचं केळवण

माझा नवरा भर मे महिन्यात पंडरीला जाऊन लोकरीचे पायजमे विचारत बसला, आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला. पंडरी म्हणजे आमच्या रायपूरचा ठोक कापडबाजार. मे महिन्यात तिथे लोक सुती चादरी अन् पंचे घ्यायला जातात, तेही दुकानातल्या पंख्याखालची जागा धरून. दुकानदारानं ह्यांच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता तरी मी काही म्हटलं नसतं. पण त्यानं एवढंच विचारलं, "भैया, जा कहाँ रहे हो?" आणि ज्या माणसाला चहा पाहिजे हे बायकोला सांगायला अर्धा तास लागतो, त्यानं लगेच सांगून टाकलं, "कनाडा."

शेजारीच आमच्या भिशीतल्या एक काकू ब्लाउजपीस जुळवत उभ्या होत्या. झालं! मी संध्याकाळी दूध घ्यायला खाली उतरले तर दूधवाला म्हणतो, "दीदी, दूध कब से बंद करना है?"

खरी गोष्ट एवढीशीच होती. आमचे हे बीरगांवजवळच्या एका लोखंडाच्या कारखान्यात दुरुस्तीचं काम बघतात. दिवसभर भट्टीसमोर. कॅनडातल्या कुठल्याशा गावातल्या कारखान्यानं ह्यांना नोकरी देऊ केली होती. बायको, पोरगी बरोबर नेता येणार होती, पुढे तिथेच राहायचीही सोय होती. हो की नाही ते पावसाळ्याआधी कळवायचं होतं. बस, इतकंच. अजून आम्ही काही कळवलं नव्हतं, कारण आमचं ठरलंच नव्हतं. ठरायचं कसं? रोज भांडण. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, तसं आमच्या घरात कॅनडात कोणत्या मजल्यावर राहायचं यावरूनही एकदा वाजलं होतं.

मी सरकारी शाळेत गणित शिकवते, हिंदीतून. कॅनडात त्याचं काय लोणचं घालायचं होतं? पण हे मी कधी म्हणायची नाही. मी म्हणायची, "बाबा आहेत नं. बाबांना सोडून कसं जाणार?" बाबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून आमच्याकडेच राहतात. रेल्वेतून निवृत्त झालेले, मूळचे गोंदियाकडचे. आणि हे म्हणायचे, "पोरीच्या भविष्याचा विचार कर." पोरगी नववीत. तिला मराठी सगळी कळते, पण उत्तर हिंदीतून येतं. ती म्हणायची, "मम्मी, मेरे फ्यूचर को बीच में मत लाओ ना, प्लीज." तिच्याकडे कोणी लक्ष देत नव्हतं.

तर आम्ही असे अधांतरी लटकलेलो, आणि तिकडे पहिलं आमंत्रण आलं. पंडरीवाल्या काकूंचंच. "जायच्या आधी एक दिवस आमच्याकडं जेवाले या. केळवणच समजा!"

मी म्हटलं, "काकू, अजून काही नक्की नाही हो."

"हव, हव, माहीत हाय," काकू म्हणाल्या. "नवरीही असंच म्हणते."

आता केळवण म्हणजे काय, तर लग्न ठरलेल्या मुलाला किंवा मुलीला सग्यासोयऱ्यांनी लग्नाआधी जेवू घालायचं. आमच्या लोकांत याची एक गंमत आहे. केळवण खाल्लं की लग्न मोडता येत नाही. ज्यांच्या घरचं पुरण तुम्ही खाल्लं, त्यांना काय तोंड दाखवणार? पण कॅनडाचं केळवण कोणी ऐकलंय का? नाही म्हणता येईना. म्हणून गेलो. तीच चूक. एकाकडे जेवलो म्हणताना दुसऱ्याला राग आला. मग तिसऱ्यानं स्वतःच फोन केला, "आम्ही का परके आहोत?" ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या एका काकांनी तर रस्त्यात गाडी अडवून तारीखच घेतली.

आणि जेवायला काय? प्रत्येक घरी पुरणपोळी आणि वडाभात. का, तर "तिकडं मिळणार नाही." बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात, दुपारी, वरून तूप ओतलेली पुरणपोळी! एकीलाही वाटलं नाही की तिकडं ताकही मिळणार नाही, एक पेला ताक पाजावं. मी कॅनडाला जाण्याआधी वर जाते की काय, अशी माझी हालत झाली होती.

जेवण झालं की सल्ला. ज्या काकांचा पोरगा ऑस्ट्रेलियात आहे, त्यांनी मला मातृभूमी या विषयावर तासभर ऐकवलं. "देश सोडून जायचं, म्हणजे आईले सोडून जायचं हो वहिनी." मध्येच त्यांना पोराचा फोन आला, तर त्यांनी आधी त्याला विचारलं, "तिथलं पक्कं झालं का रे? लवकर कर." आणि फोन ठेवून परत मातृभूमी. दुसरे एक गृहस्थ, जे आयुष्यात भिलाईच्या पलीकडे गेले नाहीत, ते म्हणाले की या देशात राहिलंच काय आहे. "पळा! मी तुमच्या वयाचा असतो तर एक मिनिट थांबलो नसतो." त्यांची बायको आतून ओरडली, "आधी गॅसचं सिलिंडर तर बदलून द्या!"

पुण्यातल्या माझ्या मावसबहिणीचा फोन आला तो वेगळाच. ती म्हणाली, "बरं झालं बाई, शेवटी तुम्हीही परदेशात चाललात." मी म्हटलं, "अजून ठरलं नाही." तर म्हणते, "नाही, पण तसंही तुम्ही बाहेरच असता ना. तिकडे रायपूरला मराठी बोलतात का गं?" मी तिच्याशी जे बोलत होते ते मराठीच होतं की अजून काही, हा प्रश्न मी गिळून टाकला. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की पुण्याच्या हिशेबानं आम्ही बाबा गोंदियाहून आले तेव्हाच देश सोडलेला आहे. आता नवीन काय सोडणार?

भेटींचं तर विचारूच नका. स्टीलचे डबे आले, थर्मास आले, एक पितळी समई आली. त्यात लोकांचा माल वेगळा. एका वहिनींनी बोराच्या लोणच्याची मोठी बरणी आणून ठेवली, अमेरिकेतल्या भाच्यासाठी. मी म्हटलं, "वहिनी, हे जाणार कॅनडात, भाचा अमेरिकेत." तर म्हणाल्या, "जवळच तं हाय. आपलं रायपूर-दुर्ग धरा. रविवारी स्कूटरवर नेऊन देतील भाऊजी."

आणि सामान! माणूस चालला म्हटलं की त्याच्या घरातल्या वस्तूंना पाय फुटतात, हे मला तेव्हा कळलं. शिलाई मशीन कोण नेणार, गॅलरीतला झोपाळा कोण नेणार, हे माझ्यासमोर माझ्याच बैठकीत बसून लोक आपसात ठरवायचे. समोरच्या वहिनी एकदा टेप घेऊन आल्या आणि आमचा चालू कूलर मोजू लागल्या. मी समोर बसून वारा घेत होते. त्या म्हणाल्या, "सरका जराशा, मागून माप घेतो. आमच्या खिडकीत बसते का नाही ते पाहून राहिली." बाप्पा! मी सरकले. आणि सरकल्यावर मला इतका राग आला स्वतःचा, की काय सांगू.

या सगळ्या जेवणांना बाबा आमच्याबरोबर असायचे. कोपऱ्यातली खुर्ची धरायची, वाढलेलं चुपचाप खायचं, आणि शेवटी घरच्या बाईला एकच प्रश्न विचारायचा, "भाजीत मुनगा नाही टाकला काय?" मुनगा, म्हणजे शेवग्याच्या शेंगा, हे त्यांचं जीव की प्राण. आणि त्यांच्यासमोर, ते बसलेले असताना, लोक त्यांची व्यवस्था लावायचे. "बाबांचं काय, सहा महिने तिकडं, सहा महिने इकडं." "छे हो, थंडीनं मरतील. त्यापेक्षा चांगले आश्रम निघालेत आता, टीव्ही-बिवी सगळं असते." जणू तेही एक कूलरच. मी दर वेळी म्हणायची, "बाबांना सोडून मी नाही जाणार." सगळे म्हणायचे, "वा! याला म्हणतात संस्कार." आणि पुढचा पुरणाचा गोळा माझ्या ताटात.

पण घरात बाबांचं वेगळंच चाललं होतं. एक दिवस सकाळी उठले तर स्वयंपाकघरात धूर. बाबा तव्यासमोर उभे, तव्यावर कोळसा झालेली भाकर. मी म्हटलं, "काय करून राहिले बाबा?"

"भाकर."

"मला उठवायचं नं!"

"कायले? मले येत नाही काय?" येत नव्हतीच. पण दुसऱ्या दिवशी परत तेच. मग चहा स्वतःचा स्वतः. मग नातीला बसवून मोबाईलवरून विजेचं बिल भरायला शिकले. मग एक दिवस मला विचारतात, "या धुलाईच्या मशीनले कोणतं बटन दाबाचं?" मला आधी हसू आलं, मग चीड आली. मला वाटलं, बाबांनाही आम्ही गेलेलंच पाहिजे आहे. मोकळं व्हायचं असेल. मी फाडकन विचारलं, "काहून शिकून राहिले हे सगळं?"

"असंच," बाबा म्हणाले आणि साबण जास्त टाकून बसले. फेस पार न्हाणीघराच्या बाहेर आला.

ह्यांना मी ते सांगितलं तर ह्यांचा चेहरा उजळला. "पाहिलं? मामाजींची तयारी आहे." सासऱ्यांना हे मामाजी म्हणतात. मग त्यावरून आमचं जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी म्हटलं की तुम्ही माझ्या बापाला घराबाहेर काढायला निघालात. हे म्हणाले की तू पोरीचं आयुष्य बुडवायला निघालीस. दोघांनीही खूप मोठमोठी वाक्यं बोलली. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी परत केळवण होतं, तिथे जोडीनं पाटावर बसलो आणि एकमेकांना घास भरवला, कारण त्या घरच्या वहिनी फोटो काढत होत्या.

शेवटी भिशीनं कळस केला. कॉलनीच्या हॉलमध्ये निरोपाचा जाहीर कार्यक्रम. नवरे मंडळींनाही बोलावलं. माइक, फुलांचे गुच्छ, समोर सतरंज्या, मागे खुर्च्या. दोनच दिवसांनी कॅनडाला उत्तर द्यायचं होतं आणि आमचं अजूनही काही ठरलेलं नव्हतं, पण ते विचारतो कोण? आमचा शाल देऊन सत्कार झाला. शाल लोकरीची. जूनची गरमी, वीज गेलेली, जनरेटरवर दोन पंखे, आणि आम्ही नवरा-बायको लोकरी शाली पांघरून स्टेजवर. ह्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि ते हसतमुखानं हात जोडून उभे होते.

भाषणं झाली. मग भिशीच्या अध्यक्षीणबाईंनी माइक माझ्या हातात दिला. "आता आपल्या वहिनी दोन शब्द बोलतील."

मला खरंच माहीत नव्हतं मी काय बोलणार आहे. समोर ती कूलरवाली बसली होती. ती माझ्याकडे बघून गोड हसली, आणि माझं टाळकं सरकलं. मी म्हटलं, "आम्ही कुठेही जात नाही आहोत. माझे वडील आहेत. त्यांना या वयात एकटं टाकून मी जाणार नाही. बाबांसाठी मी इथेच राहणार."

हे माझ्याकडे बघतच राहिले. आणि हॉलमध्ये टाळ्या! काय टाळ्या! जाण्याला जेवढ्या पडल्या होत्या त्याच्या दुपटीनं राहण्याला पडल्या. मातृभूमीवाले काका उभे राहिले. अध्यक्षीणबाईंनी डोळे पुसले. ज्यांनी पळा म्हटलं होतं तेही म्हणाले, "शेवटी आपली मातीच खरी." मलाही छान वाटलं, खोटं कशाला बोलू. अंगावर शाल होतीच.

तेवढ्यात मागच्या रांगेतून बाबा उठले. कोणीतरी माइक न्यायला धावलं, तर म्हणाले, "राहू दे. मले मोठ्यानं बोलता येते." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरी, माह्या खांद्यावर बंदूक नको ठेवू."

जनरेटर तेवढा फटफटत होता.

"मी गोंदियाहून इथं रेल्वेत आलो, तवा सारे म्हणत, बिचारा, पोटासाठी मायले सोडून गेला. पोटासाठी नाही गेलो. घरी खायले होतं. मले जायचं होतं, म्हणून गेलो. पण मायले हे सांगाची हिंमत नाही झाली. जन्मभर पोटाचंच नाव सांगितलं. ते बिचारी मरेपर्यंत माह्या पोटालेच शिव्या देत राहिली." कोणीतरी हसलं. बाबा हसले नाहीत. "तुले जायचं असन तं जाय. राहाचं असन तं राह्य. पण माह्यामुळं नको राहू. उद्या जवाईबापू चिडतीन, घरात बोलनं बंद होईन, आणि तू माह्या तोंडाकडं पाहशीन. तशा नजरेपुढं मले घास नाही जाणार. त्यापरीस जळकी भाकर बरी. म्हणून शिकून राहिलो."

एवढं बोलून ते खाली बसले. टाळ्या वाजवाव्या की नाही हे कोणालाच कळेना. अध्यक्षीणबाईंनी घाईघाईनं सांगितलं की नाश्ता तयार आहे.

घरी आम्ही चालतच निघालो. बाबा आणि पोरगी पुढे, आम्ही मागे, दोघांच्या हातात शाली. बाबा तव्यासमोर का उभे राहायचे ते कळलं होतं, आणि मी त्यांना काय काय बोलले होते तेही आठवत होतं. कोपऱ्यावरच्या पानठेल्याजवळ मी थांबले आणि ह्यांना म्हटलं, "मला नाही जायचं."

"ते ऐकलं आत्ताच. बाबांसाठी."

"नाही. बाबा उद्या काशीला जाऊन बसले तरी मला नाही जायचं. मला. मला तिथे कोण विचारणार आहे? इथे वर्गात शिरले की पन्नास पोरी चुप होतात. मला भांडायला मराठी, हिंदी, छत्तीसगढी अशा तीन भाषा लागतात हो, तिथे एकही चालायची नाही. मी तिथे मुकी होऊन जाईन."

ह्यांनी हातातली शाल उलगडली. मग म्हणाले, "मले जायचं आहे."

"पोरीसाठी."

"नाही." शालीची घडी करत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरीचं आपलं म्हणत होतो. ते लोक तिथल्या गावाचे फोटो पाठवतात नं, सगळं बर्फानं भरलेलं. इतकी वर्षं त्या भट्टीपुढं उभं राहून अंगातला ताप जात नाही. मले एकदा पोटभर थंडी वाजून घ्यायची आहे. बस."

मला हसू फुटलं. मेला मे महिन्यात लोकरीचे पायजमे का मागत होता ते आत्ता कळलं. आणि हसता हसता मी पानठेल्यासमोर भररस्त्यात रडायलाच लागले, कारण लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही दोघंही खरं बोललो होतो, आणि त्याचा अर्थ सरळ होता.

हे गेले. मी राहिले. पोरगी म्हणाली, "बारहवीं के बाद मैं अपना देख लूँगी," आणि यावेळी आम्ही तिचं ऐकून घेतलं. रायपूरच्या माना विमानतळावर हे काखेत स्वेटर धरून घामाघूम उभे होते. आत जाण्याआधी बाबांच्या पाया पडले. मला म्हणाले, "रागावली नाहीस नं?" मी म्हटलं, "रागावले आहे. जा." आणि खरंच रागावले होते. अजूनही रागावते, पलंगाची ती बाजू रिकामी दिसली की. रोज फोन येतो. बर्फ दाखवतात, लाल झालेलं नाक दाखवतात, लहान पोरासारखे खुश असतात. मला त्यांचं ते नाक पाहवत नाही आणि पाहिल्याशिवाय राहवतही नाही.

आमच्या लोकांची मात्र पंचाईत झाली. नवरा गेला, बायको राहिली, म्हणजे अभिनंदन करायचं की सांत्वन? केळवण फळलं की वाया गेलं? काहींनी भांडण झालं असं ठरवून टाकलं, काहींनी त्याहून पुढचं. बोराच्या लोणच्याची बरणी आम्हीच फोडली. कूलर माझ्याकडेच आहे.

परवा त्या कूलरवाल्या वहिनी आल्या होत्या. बाबा जमिनीवर बसून मुनगा सोलत होते, आता सकाळची भाजी त्यांच्याकडेच असते. वहिनींनी चहा घेतला, इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "खरं सांगा वहिनी. बाबांमुळंच राहिल्या नं तुम्ही?"

बाबांचे हात थांबले. मान वर केली नाही त्यांनी, शेंग तशीच हातात धरून बसले.

"नाही," मी म्हटलं. "माझ्यामुळं राहिले."

वहिनींनी रिकामा कप खाली ठेवला. टाळ्या तर कोणी वाजवल्याच नाहीत. बाबांनी हातातली शेंग सोलली आणि दुसरी घेतली.